लाकूडफाटा कुणाकडे

फुकट जागा देणारा माणूस भाड्याने जागा देणाऱ्यापेक्षा महाग पडतो, हे मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात वह्या लिहिता लिहिता शिकलो होतो. पण गोरखला ते सांगून उपयोग नव्हता. गोरख टाकव्याचा, पिंपरीकडच्या एका कारखान्यात कारकून, आणि ‘फुकट’ या शब्दावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

पंचाहत्तर सालचा उन्हाळा होता. आमच्या मंडळाचं नाव मावळ कॉम्प्युटर अभ्यास मंडळ. नाव लांबलचक, माणसं दहा-बारा, आणि कॉम्प्युटर एकही नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. दर रविवारी मळवली स्टेशनच्या शेवटच्या बाकावर आम्ही जमायचो. पुस्तक एकच होतं, ते घरोघर फिरून लुगड्यासारखं मऊ झालं होतं. प्रोग्राम कागदावर लिहायचा आणि मग एकाने ‘मशीन’ व्हायचं. मशीन झालेल्याने स्वतःची अक्कल बाजूला ठेवायची आणि कागदावर जे लिहिलंय तेवढंच, त्याच क्रमाने करायचं. गोरख उत्तम मशीन होता. अक्कल बाजूला ठेवायला त्याला वेळ लागत नसे.

मी मंडळात शिरलो तो वेगळ्या हिशेबाने. हे यंत्र जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या नोकऱ्या खाणार, असं ऐकलं होतं. म्हटलं, शत्रू आधी पाहून ठेवावा. मला त्यांनी खजिनदार केलं. खजिना नव्हता, त्यामुळे काम झेपत होतं.

खरी गरज होती ती सुजाताला. सुजाता ओव्हाळ. गोरखच्याच कारखान्यात ती कार्डं पंच करायची. साहेबलोक प्रोग्राम लिहीत, आणि त्यातली एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून उतरवायची, हे तिचं दिवसभराचं काम. ती कार्डं मग काचेच्या दाराआड मशीनला खायला घालत. त्या दाराच्या आत पंच करणाऱ्या मुलींना मज्जाव. सुजाताने साहेबाला विचारलं, “मला प्रोग्राम लिहिणाऱ्यांत घ्या.” साहेब म्हणाले, “मशीनवर चाललेला तुमचा स्वतःचा एक प्रोग्राम दाखवा, मग बघू.” मशीनची किल्ली त्याच साहेबांच्या खिशात. म्हणजे पोहता येत असेल तर दाखव, विहिरीवर मात्र यायचं नाही.

सुजाताने रडगाणं गायलं नाही. तिने मुंबईच्या एका संस्थेतल्या सबनीस सरांना पत्र टाकलं. सरांचं उत्तर आलं. पुढच्या महिन्यात ते वर्षभरासाठी परदेशी निघणार होते, पण त्याआधी एका सोमवारी त्यांच्या वाट्याला थोडा वेळ मशीन येणार होतं. आदल्या रविवारी मी मावळात येतो, म्हणाले. सगळ्यांचे प्रोग्राम बघतो, जे धड असतील त्यांची कार्डं घेऊन जातो आणि चालवून निकाल टपालाने पाठवतो. मात्र डोक्यावर छप्पर हवं, फळा हवा, ऐकायला वीसेक माणसं हवीत, आणि दुपारचं साधं जेवण. ‘साधं’ या शब्दाखाली रेघ होती. माझा अनुभव असा की, साधं जेवण मागणारा माणूस वाढप्याकडे बारीक बघत असतो. पण ते असो.

कोरी कार्डं सरांनीच टपालाने पाठवली. सुजाता जेवणाच्या सुट्टीत आपल्या मशीनवर बसून ती पंच करू लागली. तिची सुपरवायझर बाई तेवढा वेळ तोंडासमोर वर्तमानपत्र धरत असे. प्रोग्राम होता पायलीच्या किलोचा. बाजारात किलो आले तरी आमच्याकडे भात अजून पायलीनेच मोजत, आणि व्यापारी दर वेळी नवा भागाकार करत. किती पायलीचे किती किलो, याचा अख्खा तक्ता तिला मशीनकडून छापून हवा होता.

राहिली जागा. शाळेला मेची सुट्टी, आणि किल्ली घेऊन हेडमास्तर सासुरवाडीला. लोणावळ्यात एका मुंबईकर शेटजींचा बंगला रिकामा होता. त्यांनी हो म्हटलं, पण दिवाणखान्यात चपला नकोत, विडी नको, मोठ्याने बोलणं नको, आणि त्यांचा कुत्रा मोकळाच असणार. मी गोरखला म्हटलं, यात कुत्राच काय तो मनमोकळा आहे.

मग सापडले हनुमंतराव.

मळवलीला उतरून इंद्रायणी ओलांडली की त्यांचं गाव. नाव लिहीत नाही, तिथे अजून आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक आहे. सुजाताचं घरही त्याच गावात. हनुमंतराव खडी-मुरुमाचे कंत्राटदार. बापाच्या नावाने त्यांनी नवाकोरा हॉल बांधला होता, लग्नकार्याला भाड्याने द्यायला. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, आणि मागे जेवणावळींसाठी सारवलेल्या लांब चुलींची ओळ. पहिलं लग्न आमच्या रविवारनंतरच्या गुरुवारी होतं, त्यांच्या बायकोच्या भाचीचं. हॉल अजून कुणी वापरला नव्हता.

आम्ही तिघं गेलो, गोरख, सुजाता आणि मी. हनुमंतराव ओटीवर पानाचा डबा घेऊन बसले होते.

“मुंबईचं सर येनार म्हंता?” त्यांनी विचारलं. “मास्तर का प्रोपेसर?”

“प्रोफेसर,” गोरख म्हणाला.

“मंग फोटू निघंल. हॉल घ्या. भाडं न्हाई. पयलं पाऊल शिकल्यासवरल्याचं पडलं तर बरंच हाय. जेवान बी आपल्याकडं. लिवा.”

गोरखने वही काढली. हनुमंतराव जत्रेत वाटून देतात तसं वाटून देऊ लागले. “तांदूळ माझं, आंबेमव्हर. डाळ माझी. तेल-मीठ गोरख, तुमी बघा. पत्रावळी ठाकरवाडीची भागूबाई दील, मी सांगतो तिला. ग्वाड म्हनून चिक्की, ती हे दिवाणजी आनत्याल, त्यांच्या शेटला काय जातंय. पानी, कर्णा माझा. आन लाकूडफाटा भिकाजीकडं.”

भिकाजी म्हणजे सुजाताचे वडील. सोमवारनंतर मंगळवार यावा इतक्या सहज ते म्हणाले, आणि गोरखने तितक्याच सहज लिहून घेतलं.

सुजाता चहा पीत होती. “काका,” ती म्हणाली, “लाकूडफाटा आमच्याकडे का?”

“का म्हंजे? मान हाय पोरी तुमचा. माझ्या बापाच्या लग्नाला तुझ्या आज्यानं मोळ्या टाकल्या. माझ्या लग्नाला तुझ्या बापानं. गाव अजून नाव काढतं.”

“छप्पन सालापासून नाही टाकल्या.”

“आगं, ते झालं गावकीचं. हे घरचं कार्य. आन काम तर तुजंच हाय न्हवं?”

माणूस वाईट नव्हता, हे जमेच्या बाजूला लिहिलं पाहिजे. तो हसत होता, तिच्यापुढे चिवड्याची बशी सरकवत होता. भाडं सोडणारा, पायलीभर आंबेमोहोर काढणारा माणूस. त्या वाटपात आपण काही चुकीचं बोललो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

सुजाताने चहा संपवला. दिलेला चहा अर्धा टाकून उठण्यातली ती नव्हती. कप पालथा ठेवून म्हणाली, “लाकूड आमच्याकडून येणार नाही, काका.”

“मंग भात कसा शिजंल?”

“ते चुलीला विचारा.”

वाटेत गोरखचं तोंड सुरू झालं. “अगं, चार दिवसांवर आलाय रविवार. लाकूडच ना? आपण दहाजण मिळून नेऊ. उलट समतेचं होईल.”

“म्हणजे एकानं वाहायचं ते दहाजणांनी वाहायचं. आणि त्यांनी म्हणायचं, भिकाजीकडून आलं.”

“बरं, वखारीतून विकत आणू.”

“आण. आणि ते हनुमंतकाकांच्या नावावर लिहून घेतात का बघ.”

गोरख खरंच परत गेला, आणि पडलेल्या तोंडाने आला. हनुमंतराव म्हणाले होते, “लाकूड म्या घालायचं? उद्या गाव म्हनंल, हनुमंता मोळ्या व्हायला लागला. इकत आना न्हाईतर आबाळातनं पाडा, नाव भिकाजीचंच.” म्हणजे अडलं होतं ते लाकडापाशी नव्हतंच. लाकूड काय, हनुमंतरावांच्या परड्यात माणूसभर उंच रचलेलं होतं.

संध्याकाळी गोरखने मला सुजाताच्या घरी पिटाळलं. म्हणाला, तुम्ही वडीलधारे, समजूत घाला. मी गेलो. भिकाजी रेल्वेत गँगमन होते, आता पेन्शनीत. अंगणात बाजेवर बसून खुरप्याला मूठ बसवत होते. सुजाताची आई विठाबाई तांदूळ निवडत होती. मी येण्याआधीच बातमी येऊन बसली होती.

“दिवाणजी,” भिकाजी म्हणाले, “छप्पनच्या दसऱ्याला आमी दीक्षा घिऊन आलो. त्या साली गावजेवान व्हतं. माझ्या डोईवर मोळी. अर्ध्या वाटंत वडापाशी आलो आन वाटलं, बास. तितंच टाकली आन माघारी फिरलो. ती मोळी तितंच ऱ्हायली. कुनी उचलीना. जो उचलंल त्याच्या गळ्यात ते काम पडंल, म्हनून समदी वाकडी वाट करून जायाची. दोन पावसाळ्यात कुजली. वाळवीनं खाल्ली, तवा वाट मोकळी झाली.”

विठाबाई हसली. “जेवान झालंच न्हाई त्या साली. समद्यांनी आपापल्या घरी पिठलं खाल्लं.”

भिकाजींनी मूठ ठोकून बसवली. मग सुजाताकडे न बघता म्हणाले, “पर तुजं काम अडतंय. सर परदेसी जायाचं. मी टाकतो येक मोळी. ल्हान टाकतो. वीस वरसं झाली, आता कुनाला काय?”

विठाबाईने तांदळातला एक खडा वेचून अंगणात भिरकावला.

“आबा,” सुजाता म्हणाली, “तुमी टाकली ती वाळवीनं खाल्ली. आता मी नवी आनून ठिवू व्हय तितं?”

“तुजी कार्डं?”

“कार्डं जात्याल. न्हाई गेली तर पुढल्या वरसाला दुसरा सर हुडकीन. पर साहेबाच्या दारात जाताना माज्या डोईवर मोळी नसंल.”

मी समजूत घालायला गेलो होतो. गूळपाणी पिऊन परत आलो. खात्यावर फक्त येण्याजाण्याची दमणूक पडली.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरून सगळे स्टेशनच्या बाकावर जमले. तोंडं अशी, की जणू सर येत नसल्याची तारच आलीय. सुजाता गोरखला म्हणाली, “तू मशीन हो.”

“आत्ता? हितं जीव चाललाय आणि...”

“हो म्हणते ना.”

तो उभा राहिला. सवयीने अक्कल बाजूला ठेवलेली दिसली. सुजाताने कागदावर लिहून वाचायला घेतलं. “पहिली ओळ. लाकूड आण.”

“लाकूड नाही,” मशीन म्हणालं. “थांबलो.”

“का थांबलास? पुढच्या ओळी वाच.”

“चूल पेटव. भात शिजव. डाळ शिजव. वीस माणसांना वाढ.”

“यातली कुठली ओळ सरांनी पत्रात मागितलीय?”

गोरखने पत्र आठवलं. “दुपारचं साधं जेवण.”

“शिजवलेलं, असं लिहिलंय?”

“नाही,” मशीन म्हणालं. मग गोरखच्या चेहऱ्यावर अक्कल हळूहळू परत आली. “वाढ, एवढीच ओळ लागते,” तो म्हणाला. “मधल्या तिन्ही काढल्या तर लाकडाचं कामच उरत नाही.”

“मग काढ.”

झालं. चूलच पेटवायची नाही असं ठरलं. जेवण असं करायचं की गावात विस्तव लागणार नाही. कैरी घालून भिजवलेली डाळ, काकड्या, ताक, कांदा, चुरमुरे, फणसाचे गरे, करवंदं. लोणावळ्याच्या बेकरीतून पाव. पावाला भट्टी लागते, असा मुद्दा मी काढला. सुजाता म्हणाली, बेकरीवाल्याने लाकूड कुणाकडून घ्यायचं ते त्याने त्याच्या मानाने ठरवावं.

गोरखने हनुमंतरावांना निरोप दिला, “जेवण आम्हीच बाहेरून आणतो, तुम्हाला तसदी नको.” आंबेमोहोर वाचला म्हणून हनुमंतराव खूष झाले. चुलीचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. दाणे मोजणाऱ्याचं असं होतं. पोत्याला भोक पडलेलं त्याला शेवटी दिसतं.

मग आम्ही देणाऱ्यांच्या दारोदार फिरलो. माझ्या शेटने चिक्की दिली, वडीची नव्हे, तुकड्यांची, आणि दुकानाची पाटी फळ्याशेजारी टांगायची या अटीवर. बेकरीवाल्याने पाव दिले, पण सरांना आपला भाचा कुठे चिकटवता येतो का तेवढं विचारायला सांगितलं. ठाकरवाडीची भागूबाई करवंदं आणि पत्रावळी द्यायला कबूल झाली आणि तिने अट घातलीच नाही. त्यामुळे मला सगळ्यांत जास्त भीती तिचीच वाटत होती.

“ते मशीन खातं काय?” तिने एवढंच विचारलं.

“कागद,” मी म्हणालो. “कार्डं.”

“मंग माजी शेळी लय शिकल्याली हाय म्हनायची.”

रविवार उजाडला. सर आले. उंच, किडकिडीत, हातात पत्र्याची पेटी. हॉलमध्ये वीसच्या वर माणसं झाली. निम्मी कार्डं बघायला आलेली, निम्मी हॉल बघायला. सरांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि आमचा गोरख मशीन होऊन उभा राहिला तेव्हा गावकऱ्यांना वाटलं, आता याच्या अंगात येणार. पण सर खूष झाले. म्हणाले, असं मशीन आमच्याकडे नाही, आमचं बिघडतं.

एकेकाचा प्रोग्राम त्यांनी तपासला. कुणाचा परत दिला, कुणाचा पेटीत ठेवला. सुजाताचा नंबर जेवणानंतर होता. कार्डांचा गठ्ठा तिने दोऱ्याने बांधून मांडीवर धरला होता. भिकाजी आणि विठाबाई मागे, दाराजवळ बसली होती.

दुपारी पत्रावळी मांडल्या. डाळ, काकडी, पाव. सरांनी काकडी हातात घेतली. एवढ्यात नंदाबाई आल्या. त्या हनुमंतरावांच्या घरच्या. हातात हळदकुंकवाचं ताट. नव्या हॉलची पहिली पंगत, म्हणून चुलीची पूजा करायला आलेल्या. मागच्या दाराने गेल्या आणि तशाच उलट्या पावली पुढे आल्या.

“चूल गार हाय,” त्या म्हणाल्या.

गोरख पावाची टोपली घेऊन एक पाऊल मागे सरकला.

“चूल गार, आन पंगत बसली? समदं भाईरनं आल्यालं?” त्यांनी पत्रावळींवरून नजर फिरवली. “आमच्यात असं जेवान सुतकात असतंय. शेजारपाजारच्यांनी आनल्यालं खायाचं आन चूल पेटवायची न्हाई. माज्या भाचीचं लगीन हाय बेस्तरवारी ह्याच हॉलात. पयली पंगत सुतकाची घालता व्हय? कुनी घास तोंडात घालायचा न्हाई.”

सरांच्या हातातली काकडी अर्ध्या वाटेत थांबली. बिचारे पहाटेच्या गाडीने निघालेले.

हनुमंतराव इस्त्रीचं धोतर सावरत धावत आले. बायकोचं ऐकून घेतलं आणि त्यांचा रंग उतरला. पोत्याचं भोक त्यांना दिसलं. ही गोष्ट वऱ्हाडाच्या कानावर गेली असती तर हे लग्न गेलं असतं, आणि पुढची सगळी लग्नंही. ते थेट सुजाताकडे वळले.

“हे काय केलं पोरी? चूल पेटली पायजे. आत्ताच्या आत्ता. न्हाईतर हॉल मोकळा करा.”

गोरखने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना कळत होतं. आत्ता हॉल मोकळा केला तर सर जेवायला म्हणून लोणावळ्याला जातील, तिथून गाडी धरतील, आणि सुजाताचा गठ्ठा तिच्या मांडीवरच राहील. या पेचातून सुटायला एक मोळी पुरे होती. मागे भिकाजी उठायला लागले. गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठलेही.

“आबा, बसा,” सुजाता म्हणाली. मोठ्याने नाही, पण हॉलभर ऐकू गेलं. ते बसले.

मग ती हनुमंतरावांना म्हणाली, “काका, आम्हाला शिजवायचं काहीच नाही. आमची पंगत चुलीवाचून होते. चूल तुम्हाला हवी आहे. मग लाकूड कुणाकडं?”

“तू माज्या हॉलात बसून मला इचारती?”

“बाहेर जाऊन विचारू का? वडाखाली बसू. कार्डं तिथंही तपासता येतात. तुमची चूल मात्र इथंच राहील, गार.”

हनुमंतरावांनी आजूबाजूला बघितलं. त्यांचे तीन गडी दारात उभे होते. एकाच्या पाठीत अचानक उसण भरली. दुसरा बैल बांधायला निघाला. तिसरा म्हणाला, “मालक, म्या आनली आसती, पर येकदा आनली का दरसाल मीच.” वडाखालची ती मोळी गाव विसरलेलं नव्हतं.

नंदाबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

“घरात रोज सकाळी लाकडं कोन आनतं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

हनुमंतरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“मी आनते. वीस वरसं. तवा कुनाचा मान असतो? कुनी नाव काढलं का आजवर? चला, परड्यातनं उचला. दोन खेपा हायत, येक माजी येक तुमची.”

“आगं, लोक...”

“लोक बसल्यात उपाशी. तुमी चला.”

आणि हनुमंतराव गेले. इस्त्रीच्या धोतरात, टोपी काढून, बायकोच्या मागे. परत आले ते काखेत चार ओंडके धरून, मान तिरकी करून, कुणाची नजर नको म्हणून. त्यामुळे सगळ्यांनीच बघितलं. चूल पेटली. नंदाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. शिजवायला काही नव्हतंच, म्हणून चहाचं आधण ठेवलं. पंगत बसली. सरांनी काकडी खाल्ली, मग डाळ, मग पुन्हा डाळ. भागूबाईने करवंदांची पाटी मधे ठेवली आणि सरांना म्हणाली, “खावा. मशीनला न्हाई द्यायची, डाग पडतो.”

जेवणानंतर सरांनी सुजाताचा प्रोग्राम वाचला. एका ठिकाणी थांबले, विचारलं, तिने सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी थांबले, म्हणाले, हे चुकलंय. ते चुकलंच होतं. गोरखला मशीन करून तिने बघितलं, कबूल केलं, आणि सरांच्या पेटीतली दोन कोरी कार्डं मागून घेऊन त्यांवर दुरुस्त ओळी पेन्सिलने लिहिल्या. ती पंच कुठे करणार? सर म्हणाले, मुंबईला गेल्यावर तेवढी दोन मी करतो. गठ्ठा पेटीत गेला. पेटीची कडी लागली तेव्हा विठाबाईने पदराने तोंड पुसलं. खरं तर ते पुसण्यासारखं नव्हतं.

शेवटी आभार. आमच्याकडे जत्रेत कुणी काय दिलं ते कर्ण्यावर वाचतात, आणि एकदा कर्ण्यावर वाचलं की ते दगडावरचं होतं. पुढच्या वर्षी त्या माणसाला चुकवता येत नाही. खजिनदार म्हणून मी उभा राहिलो. सुजाता जवळ येऊन हळूच म्हणाली, “सगळं वाचा हं, दिवाणजी. काही सोडू नका.”

मी वाचलं. जागा, पाणी, कर्णा, श्री. हनुमंतराव. पाव, बेकरी. चिक्की, आमचं दुकान, पाटी आपण बघताच आहात. करवंदं व पत्रावळी, भागूबाई, ठाकरवाडी. मग जरा थांबून वाचलं, “लाकूडफाटा, सौ. नंदाबाई.”

हॉलमधल्या माना मागे वळल्या. कर्ण्यावर त्यांचं नाव गावाने पहिल्यांदा ऐकलं. त्या मागच्या दारात चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. “रोजचंच हाय,” त्या म्हणाल्या, “पर लिवा.”

आणि पुढच्या खुर्चीतून हनुमंतराव म्हणाले, “येक खेप माजी हुती.”

“काय म्हणालात?” मी विचारलं. मला ऐकू आलं होतं. कर्ण्याला यावं म्हणून विचारलं.

“येक खेप माजी हुती म्हनतो. माजं बी नाव घ्या की. अर्धं लाकूड माजं हाय.”

मी घेतलं. “लाकूडफाटा, सौ. नंदाबाई व श्री. हनुमंतराव.” टाळ्या पडल्या. भिकाजीही वाजवत होते, अगदी सावकाश, खुरप्याला मूठ ठोकतात तशा. गुरुवारी लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाने सरळ हनुमंतरावांनाच विचारलं म्हणे, “लाकूड तुमचं न्हवं का?”

आठवडाभराने सरांचं जाड पाकीट आलं. लांबलचक घडीचा कागद, कडेला भोकांची रांग, आणि एका पायलीपासून पुढचा तक्ता. मशीनने छापलेला, सरळ रेघेत. मथळ्यातलं एक अक्षर उडालं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. भिकाजींनी तो कागद धुतलेल्या हातांनी उलगडला आणि पहिली पायली बोटाने पडताळून बघितली, मग दुसरी. तिसरीला म्हणाले, “व्यापाऱ्याला दावू नगं. पयलं साहेबाला.”

सुजाता कागद घेऊन साहेबांकडे गेली. गोरख तेव्हा दाराबाहेर फाईल घेऊन उभा होता. फाईल रिकामी होती. त्याच्याकडूनच हे कळलं.

साहेबांनी कागद वरून खालून बघितला. “मशीन कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“मुंबईचं.”

“आणि प्रोग्राम तुम्हीच लिहिलात, हे कशावरून?”

“दुसरा द्या,” सुजाता म्हणाली. “कुठलाही. इथं तुमच्यासमोर बसून लिहिते. कार्डंही मीच पाडते. चालवायला मात्र मशीन तुमचं लागेल.”

साहेब म्हणाले, “बघू.”

“बघा,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

साहेबांचं घड्याळाकडे बघून झालं, कागदाकडे बघून झालं, खिडकीबाहेर बघून झालं. ती हलेना. मग त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि काचेच्या दाराकडे निघाले. गोरख सांगतो, इतकी वर्षं ‘बघू’ म्हणणारा माणूस पहिल्यांदाच काही बघायला उठला.